परदेशी लॉटरीचं बक्षीस लागल्याचा मेसेज आलाय? खान्देशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी बँकेच्या काउंटरवरची नोकरी संपली, तरी प्रश्न संपले नाहीत. अमळनेरच्या बाजारात, भुसावळच्या फलाटावर, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "भाऊ, हे पहा बरं, खरं आहे का?" त्यातले परत परत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांचे पैसे आज, आत्ता गेलेत त्यांनी हे वाचत बसू नये. आधी १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन लावावा, मग खालच्या "पैसे गेले" या प्रश्नावर यावं.

मी तिकीटच काढलं नाही. मग बक्षीस कसं लागलं?

लागलंच नाही. बक्षीस तिकिटाला लागतं, मोबाइल नंबराला नाही. "तुमचा ईमेल पत्ता संगणकाने निवडला", "जगभरातल्या सिम कार्डांची सोडत निघाली" अशी कुठलीही खरी लॉटरी नाही.

मेसेजमध्ये सर्वांत जास्त नाव येतं ते ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीचं. ती लॉटरी खरी आहे, १९९४ पासून चालू आहे. पण तिचं तिकीट काढायला माणूस १८ वर्षांचा आणि ब्रिटनमध्ये हजर असावा लागतो. ऑनलाइन खेळायचं तर तिथला पत्ता आणि तिथलं बँक खातं लागतं. शहाद्यात किंवा पारोळ्यात बसलेल्या माणसाच्या नंबरावर तिचं बक्षीस निघायला वाटच नाही. शिवाय खऱ्या विजेत्याला बक्षिसावर दावा सांगायला १८० दिवस मिळतात. मेसेजवाला मात्र "आज संध्याकाळपर्यंत" म्हणतो.

हे मेसेज नेमके कसे येतात?

जुनी तऱ्हा ईमेलची. इंग्रजीत लांबलचक पत्र, वर राजमुद्रेसारखं काहीतरी, खाली "क्लेम एजंट"चं नाव, आणि बक्षीस पौंडांत किंवा डॉलरमध्ये. आधी पैसे भरायला लावणाऱ्या या फसवणुकीला जगभर "४१९" म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचं कलम त्या क्रमांकाचं आहे. म्हणून प्रत्येक मेसेज नायजेरियातून येतो असं समजू नका. बोलणारा इथलाही असतो, हिंदी झकास बोलतो आणि तुम्हाला "सर" म्हणतो.

आता जास्त चालतं ते व्हॉट्सअ‍ॅप. केबीसीच्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचा आवाजी मेसेज आणि सोबत एक पोस्टर. त्यावर कार्यक्रमाच्या सूत्रधाराचा फोटो, तिरंगा, बँकेचं चिन्ह, लॉटरी क्रमांक आणि "मॅनेजर"चा नंबर. त्या कार्यक्रमात खुर्चीवर बसून उत्तरं द्यावी लागतात, मोबाइल नंबराला घरबसल्या बक्षीस देणारी त्यांची कुठलीही लॉटरी नाही. यातले बरेच कॉल अधिक ९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून येतात. अधिक ९२ हा पाकिस्तानचा संकेतांक आहे, आपला अधिक ९१. इथे गोंधळ होतो, कारण आपल्याकडच्या काही मोबाइल नंबरांची सुरुवातही ९२ ने होते. म्हणून अधिकच्या चिन्हानंतर लगेच कोणते आकडे आहेत ते बघायचं. पण अधिक ९१ दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. दुसऱ्याच्या नावावरची सिम कार्डं भारतातही मिळवली जातात.

तिसरी तऱ्हा खेड्यात फार फसवते, ती पोस्टाची. ऑनलाइन खरेदी कंपनीच्या नावाचं जाड पाकीट येतं, आत स्क्रॅच कार्ड. खरवडलं की कार किंवा १२-१४ लाख रुपये. पोस्टमनने हातात दिलं म्हणजे खरंच असणार, असा आपल्याकडे समज आहे. पोस्ट पाकीट पोहोचवतं, आतल्या मजकुराची हमी घेत नाही. आणि असं कार्ड ज्याला जातं त्याला बक्षीस निघतंच. रिकामं कार्ड छापायचा खर्च ते कशाला करतील?

माझं नाव, गाव, एवढंच काय, कापसाचं पेमेंट जमा झाल्याचंही त्यांना कसं कळलं?

नाव-नंबर मिळवणं अवघड नाही. ऑनलाइन खरेदी, रिचार्जचं दुकान, कर्जाची अ‍ॅप, जत्रेतल्या "लकी ड्रॉ"चं कूपन अशा कुठल्याही ठिकाणाहून याद्या फुटतात आणि विकल्या जातात. पेमेंटचं मात्र बहुतेकदा त्यांना काही ठाऊक नसतं. ते हजारो नंबरांवर बाराही महिने फोन करतात. खातं रिकामं असताना आलेला फोन आपण विसरतो, केळीचा पैसा आल्यावर आलेला लक्षात राहतो.

बक्षीस द्यायचं तर आधी पैसे का मागतात?

कारण धंदा तोच आहे. त्याची चढण एकदा नीट समजून घ्या.

समजा २५ लाखांचं बक्षीस सांगितलं. पहिल्यांदा मागतात ते नोंदणीचे आठ-दहा हजार. पंचवीस लाखांपुढे ही रक्कम माणसाला किरकोळ वाटते, म्हणूनच ती तेवढी असते. ती भरली की तुमच्या नावाचा चेक फोटोत दिसतो. मग डॉलरचे रुपये करण्याची फी. मग जीएसटी. मग "मनी लाँडरिंग नसल्याचा दाखला", नंतर "दहशतवादाशी संबंध नसल्याचा दाखला", आणि शेवटी "सीओटी कोड" नावाचा आकडा, जो टाकला की रक्कम सुटणार असते. काही टोळ्या बँकेसारखी दिसणारी वेबसाइट करून तुमच्या नावाने लॉगिनही देतात. आत गेलं की खात्यात २५ लाख दिसतात, फक्त काढता येत नाहीत.

लोक म्हणतात, लोभ केला म्हणून फसला. मला ते अर्धंच खरं वाटतं. पहिला हप्ता लोभाने जात असेल, पुढचे सगळे आधी गेलेले वाचवण्यासाठी जातात. चाळीस हजार भरून बसलेल्या माणसाला "अजून पंधरा भरले की सगळं सुटतं" असं कोणी सांगितलं, तर त्याला पंचवीस लाख दिसत नाहीत. त्याला आपले चाळीस हजार दिसतात. दागिने मोडले जातात, पतसंस्थेचं कर्ज काढलं जातं ते याच टप्प्यावर. पहिला फोन ओळखता आला नाही तरी चालेल, दुसऱ्यांदा पैसे मागितले तिथे थांबता आलं पाहिजे.

पण टॅक्स तर सरकार घेतंच ना?

घेतं. भारतात लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो, वर उपकर. पण तो बक्षीस देणारा कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. बाजार समितीत माल विकल्यावर हमाली, तोलाई पट्टीतून वजा होते. "आधी हमालीचे पैसे आणून द्या, मग कापसाचे देतो" असं कोणी म्हटलं, तर तुम्ही गाडी माघारी वळवाल. इथेही तोच हिशेब लावा आणि समोरच्याला सांगा, "जे काय कापायचं ते बक्षिसातून कापा, उरलेलं पाठवा." त्याच्याकडे याचंही उत्तर तयार असतं, "नियमात बसत नाही." हे उत्तर आलं की तुमचं उत्तरही मिळालं.

रिझर्व्ह बँकेचं पत्र आलंय. शिक्का आहे, गव्हर्नरांची सही आहे.

शिक्का आणि सही संगणकावर दहा मिनिटांत होते. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं बचत किंवा चालू खातं ठेवत नाही, लॉटरीचे पैसे अडवून ठेवत नाही आणि सोडण्यासाठी फी घेत नाही. परदेशातून आलेल्या अशा खोट्या रकमांबद्दल तिने स्वतःच अनेकदा जाहीर इशारे दिले आहेत. पत्र कितीही खरं दिसो, पैसे कोणत्या खात्यात भरायला सांगतात ते बघा. भलत्याच राज्यातल्या कोणा व्यक्तीचं बचत खातं असतं. सरकारी कर खासगी माणसाच्या बचत खात्यात जमा होत नाही.

दुबईत भारतीयांना बक्षिसं लागल्याच्या बातम्या येतात. त्या खोट्या का?

त्या खऱ्या असतात. दुबई ड्युटी फ्रीची मोठी सोडत १९९९ पासून आहे. एका मालिकेत ५,००० तिकिटं, तिकीट १,००० दिरहमचं, बक्षीस १० लाख डॉलर. त्यात भारतीयांची नावं वारंवार येतात, कारण तिकिटं घेणाऱ्यांत भारतीय खूप आहेत. पण त्या प्रत्येकाने तिकीट घेतलेलं असतं. भामटे नेमकी ही बातमी वापरतात. खऱ्या विजेत्याचा फोटो पाठवतात आणि खाली स्वतःचा नंबर टाकतात.

मग आपण इथून परदेशी लॉटरीचं तिकीट काढलं तर?

भारतातून लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशात पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी मनाई आहे. फेमा कायदा १९९९ चा, त्याखालचे परकीय चलन व्यवहारांचे नियम २००० चे. त्यात लॉटरी तिकिटं आणि स्वीपस्टेक्स यांचा स्पष्ट उल्लेख आहे. "आम्ही तुमच्या वतीने तिकीट काढतो" म्हणणारा एजंट तुम्हाला या नियमात अडकवतो आणि तिकीट काढतो की नाही हेही तुम्हाला कळत नाही. लॉटरीचा नाद असेलच तर महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिकीट हातात येतं, निकाल जाहीर होतो. मी कोणाला ती घ्या असं सांगत नाही.

फेसबुकवरच्या बाईने लंडनहून भेट पाठवली, ती दिल्लीच्या कस्टममध्ये अडकली असा फोन आला.

ही लॉटरीची सख्खी बहीण. पार्सलमध्ये घड्याळ, सोनं आणि पौंडांच्या नोटा असल्याचं सांगतात, मग "कस्टम ऑफिसर मॅडम"चा फोन येतो. नोटा सापडल्यामुळे दंड भरा, नाहीतर अटक होईल, असा सूर असतो. लॉटरीत फक्त आशा दाखवतात, इथे धाकही घालतात. कस्टम खातं फोनवरून कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. परदेशातून खरंच टपाल आलं आणि त्यावर शुल्क असलं, तर पोस्ट ते पार्सल देताना घेतं. शिवाय नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम खात्याच्या पत्रांवर ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो.

बक्षीस जमा करण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणतात.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तसंच "फॉर्म भरायला मदत करतो" म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके फाइल (अ‍ॅप बसवायची फाइल) टाकायला सांगितली, तर फोन ठेवा. तुमचा मोबाइल मग त्यांच्याही डोळ्यांसमोर उघडा असतो, ओटीपीसकट.

पैसे दिले नाहीत, पण आधार आणि पासबुकचा फोटो पाठवून बसलो.

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. नुसत्या पासबुकच्या फोटोवरून खात्यातले पैसे काढता येत नाहीत. मात्र तुमच्या कागदांवर सिम कार्ड किंवा कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. एम-आधार अ‍ॅपवर होतं, नाही जमलं तर आधार केंद्रावर विचारा. बँकेत अर्ज देऊन ठेवा आणि पोच घ्या. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करा. आलेला मेसेज त्याच पोर्टलच्या "चक्षू" सुविधेवर कळवता येतो.

कॉलेजातल्या पोराला कोणी म्हणालं, तुझं खातं वापरू दे, महिन्याला पैसे देतो.

हे फसवणुकीचं दुसरं टोक आहे आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. नंदुरबारच्या म्हाताऱ्याने भरलेले पैसे थेट टोळीच्या म्होरक्याकडे जात नाहीत. ते आधी अशा भाड्याच्या खात्यात पडतात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात, मग एटीएममधून निघतात. पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. "मला माहीत नव्हतं" हे सांगत त्या पोराला परराज्यातल्या पोलीस ठाण्यात चकरा माराव्या लागतात, खातं गोठतं, नोकरीच्या पडताळणीत अडचण येते. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम एकत्र कोणाच्याही हातात देऊ नये, मग तो मित्र का असेना.

पैसे गेले. आता नेमकं काय करायचं?

१९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. लाइन व्यस्त लागली तर लावत राहा. तोवर घरातल्या दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी आणि तिसऱ्याने बँकेला कळवावं. घाई यासाठी की तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे जेवढी रक्कम उरली असेल ती रोखली जाते. ती काढून झाली असेल तर रोखायला काही राहत नाही. म्हणून आधी मुलगा सुरतहून येऊ दे, मग बघू, असं करू नका.

फोन करताना जवळ ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम, व्यवहार क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी असतो, मेसेजमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये सापडतो), आणि ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. अनेकदा पैसे भरले असतील तर प्रत्येक व्यवहार वेगळा सांगायचा. पोच क्रमांक कागदावर लिहून घ्या.

रागाच्या भरात लोक चॅट उडवून टाकतात. तसं करू नका. मेसेज, आवाजी क्लिप, पोस्टर, पाकीट, भरणा पावती हे सगळं पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, नंबर ब्लॉक करा, पण पुसू नका.

पोलीस ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. म्हणजे साक्रीचा माणूस कामाला सुरतेत असेल तर तिथेही तक्रार देऊ शकतो. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि संगणक किंवा मोबाइलवरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. ठाण्यात हे कलमांचे आकडे मोठ्याने सांगायची गरज नाही. लेखी अर्ज, पुराव्यांच्या प्रती आणि १९३० चा पोच क्रमांक एवढं नेलं की बोलणं सरळ होतं.

बँक भरपाई देईल का?

तुम्ही स्वतः पिन टाकून किंवा स्लिप भरून पैसे पाठवले असतील, तर बहुधा नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तिसऱ्याच कोणाच्या चुकीने असा व्यवहार झाला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे इथेही कळवल्याची वेळच महत्त्वाची. बँकेला कळवल्याची पोच हवी ती यासाठी.

वडील ऐकतच नाहीत. अजून पैसे भरतायत.

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मुलं पुण्याला, सुरतेला. घरी दोन म्हातारी माणसं आणि एक स्मार्टफोन. भामटा रोज सकाळी फोन करतो, "बाबूजी, चाय पी लिया?" विचारतो आणि शेवटी बजावतो, "किसी को बताना मत, नहीं तो क्लेम कैंसल हो जाएगा." म्हाताऱ्या माणसाशी इतक्या आपुलकीने रोज घरातलंही कोणी बोलत नसतं, हे कटू आहे पण खरं आहे. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, कपाटातली पोत हरवल्याचं तिला दिसतं आणि तेव्हा सगळं बाहेर येतं.

त्या वेळी "तुमची अक्कल कुठे गेली होती" एवढं वाक्य टाळा. ते ऐकलं की वडील पुढचा हप्ता लपून भरतात, कारण आता पैसे परत आणून स्वतःला खरं ठरवायचं असतं. त्याऐवजी शेजारी बसा, "आबा, आतापर्यंत काय काय भरलं ते लिहून काढू" म्हणा. स्वतःच्या हाताने लिहिलेली बेरीज माणसाला आपल्या बोलण्यापेक्षा जास्त कळते. मग त्यांच्याच फोनवरून, त्यांनाच बोलू देऊन, "बक्षिसातून कापा" हे वाक्य समोरच्याला म्हणायला लावा आणि स्पीकर चालू ठेवा. ज्यांचं ते मानतात अशा माणसाला बोलवा. जुने गुरुजी, बँकेच्या शाखेतले ओळखीचे साहेब. दरम्यान त्यांच्याच संमतीने यूपीआय आणि एटीएमची रोजची मर्यादा कमी करून घ्या, नंबर ब्लॉक करा. नवे नंबर येतील, तेही करा.

"गेलेले पैसे परत मिळवून देतो" असा फोन आला.

तीच टोळी, किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेली दुसरी. सायबर पोलीस, वकील, रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असं काहीही सांगतील. १९३० वर तक्रार करायला पैसे पडत नाहीत आणि पोलीस रक्कम सोडवण्यासाठी फी घेत नाहीत.

तक्रार करून बरेच दिवस झाले, काहीच कळलं नाही.

पोच क्रमांक टाकून पोर्टलवर तक्रारीची स्थिती बघता येते. रक्कम कुठल्या खात्यात रोखली गेली असेल तर ती आपोआप परत येत नाही. बहुतेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्याकडे रोखलेल्या रकमेचा तपशील लेखी मागा, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात विचारा आणि रक्कम परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना तक्रारीची प्रत, पोच क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि ओळखपत्र घेऊन जा.